सगळे पॉइंट शिल्लक ठेवून गेलेल्या दादाला

दादा,

तुझे पॉइंट गेले. आधी हेच सांगते, कारण तू असतास तर आधी हेच विचारलं असतंस. मी स्वतः कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्यात फोन केला. तिथल्या बाईंनी माझं सांत्वन केलं, अगदी मनापासून केलं, आणि मग सांगितलं की पॉइंट ज्याचे त्याचे असतात. माणूस गेला की तेही जातात. बायकोला मिळत नाहीत, मुलीला मिळत नाहीत, बहिणीचा तर प्रश्नच नाही. इतकी वर्षं दर वसंतात तू एक एक करून जमवलेलं ते भांडार एका फोनमध्ये निकालात निघालं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल? बरं झालं, असं वाटलं.

तुझी शोकसभा बेलव्ह्यूला तुमच्याच कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये झाली. समोर स्क्रीनवर तुझे फोटो, मागे समोशांचे ट्रे, आणि मध्ये भाषणं. जो उठला त्याने तू किती व्यवस्थित माणूस होतास तेच सांगितलं. 'शेखरचं सगळं प्लॅन केलेलं असायचं.' 'शेखर कधी घाईत नसायचा.' तुझ्या टीममधल्या एकाने तर तुझ्या न घेतलेल्या रजांचं कौतुक केलं! रजा न घेणं हा गुण आहे असं मानणाऱ्या लोकांत तू आयुष्य काढलंस, आणि त्यांच्यात पहिला आलास. मी शेवटच्या खुर्चीवर बसून दात आवळून ऐकत होते.

नंतर चहा घेताना तुझ्या शेजारच्या कुलकर्णीकाकांनी मला विचारलं, "नीलू, ते शिकारीचे पॉइंट म्हणजे काय गं? क्रेडिट कार्डाचे?"

मी सांगितलं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, अंगाने घोड्याएवढा. त्याची शिकार करायची तर सरकारचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, लागतो. चांगल्या जंगलात टॅग मोजके आणि मागणारे फार, म्हणून सोडत. ज्याला टॅग मिळत नाही त्याला त्या वर्षी एक पॉइंट मिळतो. ज्याचे पॉइंट जास्त, त्याचा नंबर आधी. टॅग लागला की पॉइंट शून्य, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"मग शेखरला एवढ्या वर्षांत एकदाही लागला नाही? बिचारा," काका म्हणाले.

बिचारा कसला! काकांना खरं सांगितलं नाही, तुझी लाज राखली. अर्जात एक सोय असते: पहिल्या पसंतीला जंगलाचं नाव न लिहिता 'फक्त पॉइंट द्या' असंही लिहिता येतं. तू दर वर्षी तेच लिहायचास. टॅग मागितलाच नाहीस कधी. एकदा लेकीची, इराची शाळा बदलायची होती, एकदा ऑफिसात नवा मॅनेजर आला होता, एकदा ग्रीन कार्डाचं काहीतरी अडलं होतं, एकदा गुडघा दुखत होता. "चुकून लागलाच तर काय करू?" असं मला म्हणाला होतास. चुकून! ज्याच्यासाठी जीव टाकायचा, ते चुकून मिळेल याची भीती बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि हवं काय होतं, तर त्या राज्याच्या वायव्य कोपऱ्यातलं ते एक जंगल, जिथले नर म्हणे शिंगांसकट दारात मावत नाहीत. बाकीची सगळी जंगलं तुझ्या लेखी फालतू. तिकडे जाणारे लोक फालतू, त्यांनी मारलेली जनावरंही फालतू. तू डेन्व्हरजवळ पहिली नोकरी करत होतास तेव्हा ऑफिसातल्या कोणीतरी त्या जंगलाचा फोटो दाखवला, तिथून हे वेड लागलं. नंतर इकडे सिएटलच्या बाजूला आलास, पण पॉइंट तिथलेच ठेवलेस. त्या जंगलाला किती पॉइंट लागतात याचा तक्ता तुझ्या लॅपटॉपवर असायचा. दर वर्षी तू एक पायरी चढायचास, आणि दर वर्षी लागणाऱ्या पॉइंटांची रेघही एक पायरी वर जायची, कारण तुझ्यापुढचे लोकही तुझ्यासारखेच चिवट होते. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तू इंजिनिअर असून तुला कळत नव्हतं.

"दोन वर्षं, नीलू. फक्त दोन वर्षं राहिली." हे मी तुझ्या तोंडून इरा शाळेत जायला लागली तेव्हा ऐकलं आणि ती कॉलेजला गेली तेव्हाही ऐकलं.

मी कितीदा म्हटलं की ही रेघ तुला कधी सापडणार नाही. तू हसायचास, त्या तुझ्या खास शहाण्या हसण्याने, आणि ग्रीन कार्डाचा दाखला द्यायचास. "तेव्हापण सगळे म्हणत होते ना, मिळणार नाही म्हणून? मिळालं की नाही? उभं राहावं लागतं." तिथेच सगळं बिघडलं, दादा. आपली ती रांग एकदाची संपली, आणि तुला वाटलं रांगा संपतातच. आपण लोकांनी या देशात येऊन जे काही मिळवलं ते वाट बघून मिळवलं, हे खरं. पण त्याची तू फुशारकी केलीस. एल्कला काय ठाऊक तू किती वर्षं उभा आहेस ते?

तुझ्या घरात सगळंच असं. काचेच्या कपाटातला तो निळा डिनर सेट कधी टेबलावर आला नाही. चांगल्या दारूच्या बाटल्या 'कोणी आलं की' म्हणून ठेवलेल्या. आम्ही आलो की आम्ही कोणी नसायचो. परवा वहिनीबरोबर गॅरेज आवरायला घेतलं तर शिकारीचे बूट खोक्यात, कागदात गुंडाळलेले, कोरे. त्या जंगलासाठी घेतले होतेस. मला इतका संताप आला की मी ते तिथेच काढून फरशीवर आपटले, तळव्यांना जरा तरी धूळ लागू दे म्हणून.

आता म्हणशील, फक्त शिव्याच देऊन राहिली. थांब, देते तुझं तुला.

मला बंदूक धरायला तू शिकवलंस. नवरा सोडून गेल्यावर मी बॉथेलच्या त्या अपार्टमेंटमध्ये पडदे लावून बसायचे, तेव्हा दर शनिवारी येऊन हॉर्न वाजवायचास आणि नेमबाजीच्या रेंजवर घेऊन जायचास. कधी काही विचारलं नाहीस. कानावर हेडफोनसारखी ती कवचं चढवली की बोलायची सोयच नसायची, आणि मला तेच हवं होतं. अर्ज कसा करायचा तेही तूच शिकवलंस. माझे पॉइंट तुझ्या हट्टापायी सुरू झाले. दर वर्षी फोन करून माझ्याकडून 'फक्त पॉइंट' भरून घ्यायचास, लहानपणी पाढे म्हणून घ्यायचास तसे.

आणि ती शिकार. सोडत झाल्यावर जे टॅग कोणालाच नको असतात ते यादीत उरतात. त्यांना पॉइंट लागत नाहीत. त्यातला मी एक घेतला, तुला न विचारता. मादीचा टॅग, तुझ्या दृष्टीने टाकाऊ जंगलातला. तू तोंड वाकडं केलंस आणि तरी आलास, "बघायला". दोन दिवस गाडीत माझ्या टॅगची टिंगल केलीस. पण डोंगरावर पोचलो आणि तू निराळाच झालास. अस्पेनची पिवळी पानं पडलेली, वर पातळ बर्फ. तू खिशातून टाल्कम पावडरची छोटी डबी काढून चिमूटभर हवेत सोडायचास आणि वारा कुठून आहे ते बघायचास. चालताना एक काटकी मोडली नाही तुझ्या पायाखाली. ऑफिसच्या खुर्चीत विटलेला तो माणूस इतका हलका चालतो हे मला माहीत नव्हतं.

मादी झाडांतून बाहेर आली तेव्हा मी बंदूक खांद्याला लावली. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "श्वास घे. अर्धा सोड. आता थांब... आता." एवढंच. ती पडली तेव्हा तू टोपी काढलीस आणि बराच वेळ तसाच उभा राहिलास. मग आपण ती तिथेच सोलली, तुकडे पिशव्यांत भरले, आणि दिवसभर पाठीवरून खेपा घातल्या. मागचे जड पाय तू घेतलेस, दुखऱ्या गुडघ्याने. मी नको म्हटलं तर ओरडलास. त्या दिवशी तू खूश होतास, दादा. मी पाहिलंय. बर्फात बसून थर्मासमधला गार झालेला चहा प्यालास आणि म्हणालास, "आई असती तर सावजी करून घातलं असतं याचं."

मी केलं ना. घरी येऊन केलं, आईच्या मसाल्याने, डोळ्यांतून पाणी येईल असं. वाटीवर वाटी रस्सा ओरपलास आणि हात धुताना म्हणालास, "झकास. पण मादीच ना शेवटी."

ते वाक्य मी विसरलेले नाही. विसरणारही नाही.

जानेवारीत, तिळगुळाच्या दिवशी, मी तुझ्याकडे आले ती ठरवून आले. म्हटलं, या वर्षी दोघं जाऊ. एकत्र अर्ज करू. गटाने अर्ज केला की गटातल्या सर्वांत कमी पॉइंटवाल्याचा आकडा सगळ्यांना धरतात; माझे तुझ्या निम्मेही नाहीत, म्हणजे तुला माझ्या आकड्यावर यावं लागणार होतं. तेवढ्यात मिळेल असं एक बरं जंगल मी शोधलं होतं. मोठी शिंगं नसतील, पण नर असतील, पाणी असेल, माणसं कमी असतील. नकाशाही आणला होता.

तू नकाशा उघडलाही नाहीस. "म्हणजे मी तुझ्या नंबरावर यायचं? एवढी वर्षं त्यासाठी थांबलो का यार मी?"

"कशासाठी थांबलास मग?"

"नीलू, कशाला घाई करून राहिली तू? दोन वर्षं दे मला. माझं होऊन जाऊ दे, मग तुझ्याबरोबर कुठेही येतो. मादीच्या टॅगवर पण येतो."

वहिनी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "जा ना हो. ती एवढी म्हणतेय तर." तू म्हणालास, "तुला त्यातलं काही कळत नाही, मेधा." मी नकाशा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जेवून घरी गेले. जेवले, कारण वहिनीने गुळपोळ्या केल्या होत्या. तुझ्याशी बोलले नाही. नंतर तुझा मेसेज आला, समेटाचा म्हणून: 'एप्रिलची तारीख विसरू नको. पॉइंट घेऊन टाक.' तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. एवढी मोठी मराठी भाषा, आणि तुला तेवढंच सुचलं.

मार्चच्या मध्यावर तू ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीतच गेलास. गाडी दोन रेघांच्या मधोमध लावलेली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. सगळे म्हणाले, बघा, शेवटपर्यंत किती व्यवस्थित. मला त्या गाडीची काच फोडावीशी वाटत होती.

इराला मी विमानतळावर आणायला गेले होते. रडून चेहरा सुजलेला. वाटेत तुझ्या त्या जंगलाचा विषय निघाला, कसा कोण जाणे. मी म्हटलं, तुझ्या बाबाची तेवढी एकच इच्छा राहिली गं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नो, आत्या. बाबांना एल्क नकोच होता. ही जस्ट लाइक्ड बीइंग इन लाइन." एकवीस वर्षांच्या पोरीला कळलं ते. मला वाटलं होतं की तुला कळत नाही. ती म्हणत होती की तुला कळत होतं, आणि ते रांगेत उभं राहणंच तुला आवडत होतं. यातलं काय खरं ते मला विचारायचं होतं तुला. आता कोणाला विचारू?

तर आता त्या एप्रिलच्या तारखेचं सांगते.

तेराव्याचं सगळं झालं होतं. नागपूरचे गुरुजी स्क्रीनवरून मंत्र सांगून मोकळे झाले, पाहुणे गेले, फ्रीजमध्ये लोकांचे डबे उरले. वहिनी आणि मी गॅरेजमध्ये होतो, ते बूट पडलेले तसेच. तिने विचारलं, "नीलू, त्यांचे पॉइंट मला मिळतात का गं?" म्हणूनच मी तिथल्या तिथे खात्यात तो फोन लावला. तो ठेवून मी म्हटलं, नाही मिळत.

"म्हणजे गेले?"

"गेले."

"सगळे?"

"सगळे, वहिनी."

आणि तुझी बायको हसायला लागली. आधी नुसती फुसफुसली, मग वॉशिंग मशीनला धरून, पोट धरून, अगदी खाली बसेपर्यंत हसली. मी पण हसले. तू गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. मग हसता हसता तिचं रडणं झालं, ते मी तिला रडू दिलं.

डोळे पुसून तिने पर्समधून एक कार्ड काढलं. शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स केल्याचं कार्ड. मला आठवलं, डेन्व्हरला तू तो कोर्स केलास तेव्हा तीही तुझ्याबरोबर बसली होती, आणि परीक्षेत तुझ्यापुढे गेली होती. तू ते हसण्यावारी नेलंस. तिने अर्ज करायचं म्हटलं तर म्हणालास, "एका घरात एक रांग पुरे." ती ते कार्ड तेव्हापासून लायसन्सच्या मागे ठेवून फिरत होती. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, गंमत म्हणून. कधी तिला बरोबर न्यावं असं तुझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, पण मी तिचा नवरा नव्हते.

"मला ती जागा बघायची आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघं गेला होता ना, ती. त्या ट्रिपहून आले तेव्हा ते आठवडाभर शीळ घालत होते. मी लग्नानंतर तेवढंच ऐकलं त्यांना शीळ घालताना."

मला हे ठाऊक नव्हतं, दादा. तू शीळ घालत होतास? त्या मादीच्या, त्या टाकाऊ जंगलाच्या आनंदात आठवडाभर शीळ घालत होतास, आणि मला म्हणालास, मादीच ना शेवटी? काय माणूस आहेस तू! सुख हातात आलं होतं तुझ्या, रक्ताळलेलं, जड, पाठीवर घेऊन उतरला होतास ते. आणि घरी येऊन पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलास.

मग आम्ही तुझ्याच टेबलावर, तुझाच लॅपटॉप उघडून बसलो. निळ्या डिनर सेटमध्ये डब्यांतली उरलेली खिचडी घेतली होती. एका बशीचा टवका उडाला, वहिनीच्या हातून. तिने तो बोटाने बाजूला केला आणि खात राहिली.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, तू सांगितलीस ती: मी 'फक्त पॉइंट' घ्यायचा आणि थांबायचं. माझं साठलेलं कमी नाही. तू मला तेवढं तरी करून ठेवलंयस. आणखी थोडी थांबले तर चांगल्या जंगलात नंबर लागेल, असं तुझा तक्ता सांगत होता. दुसरी वाट, वहिनीबरोबर गटाने अर्ज. तिचे शून्य. म्हणजे माझेही शून्य धरणार. शून्यावर मिळतो तो मादीचाच टॅग, त्याच जंगलाचा. आणि तो लागला की माझं इतक्या वर्षांचं सगळं पुसलं जाणार.

वहिनीला ते कळलं. ती काही तुला वाटायची तशी नाही. "नको गं," ती म्हणाली. "तुझे वाया जातील. मी पुढच्या वर्षीपासून सुरू करते ना माझे. दोन वर्षं थांबू."

दोन वर्षं! तुझेच शब्द, तुझ्याच खुर्चीतून. मी तिच्या हातून माउस घेतला आणि गटाची चौकट भरली. माझं नाव, तिचं नाव.

तुझी फार आठवण येते, दादा. शनिवारी सकाळी हॉर्न वाजल्यासारखा वाटतो आणि मी खरंच खिडकीपाशी जाते. येत्या हिवाळ्यात तू हवा होतास. वारा बघायला, वहिनीच्या कानाशी 'आता' म्हणायला. ते मला म्हणावं लागेल, आणि मला ते तुझ्यासारखं येत नाही. तुझी पावडरची डबी मी घेतली आहे. बूट दान केले, कोणाच्या तरी पायात जातील.

पहिल्या पसंतीला मी आपलं ते टाकाऊ जंगल टाकलं. तुझा आवाज मला तिथेही ऐकू आला: अगं, दुसऱ्या पसंतीला टाक ना ते, पहिल्याला 'फक्त पॉइंट' लिही, म्हणजे टॅगही लागेल कदाचित आणि पॉइंटही राहतील. अगदी बरोबर आहे तुझं. पॉइंट पहिल्या पसंतीलाच कापले जातात, हे तूच मला शिकवलंस. तुझं नेहमीच बरोबर असायचं.

"आणि दुसरी पसंती?" वहिनीने विचारलं.

मी म्हटलं, "रिकामी ठेव."